सरकारी नोकरी सोडून कन्सल्टंट झालेले विश्वेश्वरय्या निजामाच्या हैदराबादला कसे पोहोचले?

संभाजीनगरच्या सिडको, गारखेडा नाहीतर उस्मानपुरा भागात अशा बऱ्याच खोल्या सापडतील. दारावर पाटी नसते. आत एक टेबल, दोन स्क्रीन, इन्व्हर्टर आणि रात्री दोनपर्यंत जागणारा एखादा पोरगा किंवा पोरगी. वाळूजच्या छोट्या कारखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर, चिकलठाण्यातल्या वर्कशॉपचं नेटवर्क, पुण्याच्या क्लायंटची वेबसाइट, असं मिळेल ते काम चालू असतं. व्हिजिटिंग कार्डवर लिहिलेलं असतं इंडिपेंडंट आयटी कन्सल्टंट. घरचे मात्र अजून विचारत असतात, नोकरी कधी लागणार?

माझ्या मित्रमंडळीत असे चौघं-पाचजण आहेत. त्यांच्याशी बोलताना तीन प्रश्न कायम येतात. एक, काम अडलं तर विचारायचं कुणाला? दोन, आपण डोकं लावून बनवलेली गोष्ट शेवटी कुणाच्या मालकीची? आणि तीन, नको असलेल्या कामाला नाही कसं म्हणायचं?

हे प्रश्न कॉम्प्युटरसोबत आले असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. शंभर वर्षांपूर्वी एका इंजिनियरने हे तिन्ही प्रश्न झेलले होते. त्यांचा वाढदिवस आपण दरवर्षी १५ सप्टेंबरला इंजिनियर्स डे म्हणून साजरा करतो. त्यांचं नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

त्यांच्याबद्दलचे मेणबत्तीचे आणि रेल्वेच्या रुळाचे किस्से तुमच्या मोबाईलवर दरवर्षी येतात. ते आज बाजूला ठेवू. त्यांच्या आयुष्यातला कमी बोलला जाणारा भाग म्हणजे सरकारी नोकरी सोडून कन्सल्टंट होणं. आणि त्यातलं पहिलं मोठं काम त्यांना ज्या राज्याने दिलं, त्याच राज्यात तेव्हा आपला मराठवाडा होता.

पुण्यात शिकले, नाशिकला नोकरीला लागले

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील संस्कृतचे जाणकार, पण घरची परिस्थिती बेताची. वडील लवकर गेले. बंगळुरूला शिकवण्या घेत घेत त्यांनी बीए केलं. पुढे म्हैसूर सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच कॉलेज आपण पुढे सीओईपी म्हणून ओळखू लागलो. १८८३ साली ते इंजिनियरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर झाले. पहिलं पोस्टिंग नाशिक.

तिथून खानदेशात गेले. धुळ्याजवळ पांझरेच्या भागात पाण्यासाठी पाइप सायफन टाकायचं काम होतं. सायफन म्हणजे ओढ्या-नदीच्या तळाखालून पाइप नेऊन पाणी पलीकडे काढायचं. ऐन पावसाळ्यात हे काम जिकिरीचं होतं. पावसानंतर करू, असं त्यांनी कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. शेवटी त्याच पावसात त्यांनी काम उरकून दिलं. वय होतं विशीतलं.

पुढे सिंधमधल्या सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम आलं. सिंधू नदीचं पाणी गढूळ आणि गाळायला खर्च मोठा. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूतून आपोआप गाळलेलं पाणी उचलायची पद्धत बसवली.

अडलं तर विचारायचं कुणाला?

आज एरर आला की तो कॉपी करून टाकला की जगात कुणीतरी उत्तर दिलेलं सापडतं. १८९० च्या दशकात काय करायचं?

विश्वेश्वरय्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे प्रवास. १८९८ मध्ये ते जपानला गेले. तिथले कारखाने, शाळा, कामाची पद्धत बघून आले. पुढे आयुष्यभर दर काही वर्षांनी ते असे दौरे करत राहिले.

दुसरी म्हणजे माणसं जोडणं. पुण्यात डेक्कन क्लब उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. न्यायमूर्ती रानडे, गोखले अशा मंडळींचा सहवास त्यांना याच शहरात मिळाला. तिथे बांधकामाच्या चर्चा होत असतील-नसतील, पण सरकार कसं चालतं, पैसा कुठून येतो, लोकांना काय हवंय, याची समज अशाच बैठकांतून येते. नुसतं चांगलं डिझाइन करणारा माणूस आणि ज्याचा सल्ला घ्यायला लोक येतात तो माणूस यांच्यात हाच फरक असतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. त्या काळच्या अशा क्लबांत इंग्रजी शिकलेले, बहुतेक उच्चवर्णीय पुरुषच असायचे. दार होतं, पण ते सगळ्यांसाठी उघडं नव्हतं. हा मुद्दा त्यांच्या आयुष्यात पुढे पुन्हा येणार आहे.

उसाचं पाणी आणि खडकवासल्याचे दरवाजे

मराठवाड्यातल्या वाचकाला पुढचा भाग लगेच कळेल. नीरा कालव्यावर उसाला बेसुमार पाणी जायचं. कालव्याच्या वरच्या अंगाला शेतं चिबड व्हायची आणि बाकीची गावं कोरडी राहायची. विश्वेश्वरय्यांनी १९०० च्या आसपास ब्लॉक पद्धत मांडली. लाभक्षेत्राचे ठरावीक ब्लॉक पाडायचे, त्यात पिकं आलटून पालटून घ्यायची आणि ऊस ब्लॉकच्या एका हिश्श्यातच लावायचा. म्हणजे तेवढंच पाणी जास्त गावांना पुरतं. सुरुवातीला शेतकऱ्यांना हे सरकारचं नवीन लचांड वाटलं आणि विरोध झाला. पण समजावून सांगितल्यावर पद्धत रुजली.

दुसरं काम खडकवासल्याचं. तिथल्या धरणाच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात बरंच पाणी वाहून जायचं. धरणाची भिंत उंच करायची तर खर्च प्रचंड. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवायची कल्पना काढली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे आणि खाली आलं की आपोआप बंद व्हायचे. भिंत तेवढीच, साठा मात्र वाढला. आजच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर न बदलता सिस्टीमची क्षमता वाढवली.

या दरवाजांचं पेटंट त्यांनी १९०३ मध्ये घेतलं. इथे आपला दुसरा प्रश्न येतो, बनवलेली गोष्ट कुणाची? त्यांनी सरकारकडून रॉयल्टी घेतली नाही. सरकारी पगारावर असताना केलेल्या कामाचे वेगळे पैसे घेणं त्यांना पटत नव्हतं. प्रत्येकाने असंच वागावं असं नाही. आज तुम्ही स्वतंत्र काम करत असाल तर कोड कुणाचा हे करारातच लिहून घ्या. पण त्यांच्याकडून घेण्यासारखं हे की पगारावरचं काम आणि स्वतःचं काम यांतली रेघ त्यांच्या डोक्यात पक्की होती.

नोकरी सोडली आणि हैदराबादहून निरोप आला

१९०८ पर्यंत विश्वेश्वरय्या खात्यात बरेच वर चढले होते, अनेक सीनियर लोकांना मागे टाकून. पण चीफ इंजिनियरची खुर्ची त्या काळात हिंदी माणसाला मिळणं जवळपास अशक्य होतं. वर जायची वाट बंद दिसल्यावर, पंचवीस वर्षांची नोकरी भरायच्या आधीच त्यांनी निवृत्ती घेतली. सरकारने पेन्शन मात्र दिली. हातात पुढची नोकरी नव्हती. ते सरळ परदेश दौऱ्यावर निघून गेले.

आणि त्याच वेळी, २८ सप्टेंबर १९०८ ला, हैदराबादमध्ये मुसी नदीला महापूर आला. पाणलोटातले लहान तलाव एकामागून एक फुटले आणि पाण्याचा लोंढा भर शहरात घुसला. हजारो माणसं गेली, हजारो घरं पडली.

निजाम सरकारला असा माणूस हवा होता जो शहर पुन्हा उभं करायचा आराखडा देईल आणि असा पूर पुन्हा येणार नाही याची तजवीज सुचवेल. त्यांनी विश्वेश्वरय्यांना परदेशात गाठलं. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत याच संस्थानात होता, इथला शेतसाराही त्याच तिजोरीत जायचा. म्हणजे एका अर्थाने या कन्सल्टंटची फी देणाऱ्यांत आपले पणजोबाही होते.

नोकरी सोडलेल्या माणसाने अशी ऑफर येताच पहिली बोट पकडली असती. विश्वेश्वरय्यांनी दौरा पूर्ण करूनच येतो असं कळवलं, आणि निजाम सरकार थांबलं. एप्रिल १९०९ मध्ये ते स्पेशल कन्सल्टिंग इंजिनियर म्हणून हैदराबादला रुजू झाले.

पुढचे काही महिने त्यांनी पावसाच्या नोंदी, नदीची पातळी, फुटलेले तलाव, शहराचे उतार असं सगळं तपासलं. निष्कर्ष सोपा होता. पूर शहरात अडवता येत नाही, तो शहराच्या वरच अडवावा लागतो. मुसी आणि तिची उपनदी इसी, दोन्हींवर मोठे जलाशय बांधा, शहरात नदीचे काठ नीट करा आणि सांडपाण्याची व्यवस्था करा. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि इसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुढे कित्येक वर्षं हैदराबाद शहर त्यांचंच पाणी प्यायलं.

गंमत म्हणजे हे जलाशय बांधून होईपर्यंत विश्वेश्वरय्या तिथे नव्हते. १९०९ संपायच्या आत ते म्हैसूरला गेले होते. काम दुसऱ्या इंजिनियरांनी पूर्ण केलं, आणि तो रिपोर्ट त्यांना पुढे नेता येईल असा होता म्हणूनच ते झालं. कन्सल्टंट निघून जातो, मागे राहतो तो त्याचा कागद. डॉक्युमेंटेशन न लिहिता क्लायंटला सॉफ्टवेअर देणाऱ्या माझ्या मित्रांनी हा भाग दोनदा वाचावा.

नाही म्हणायची किंमत

म्हैसूरने त्यांना चीफ इंजिनियर म्हणून बोलावलं तेव्हाही त्यांनी लगेच होकार दिला नाही. शिक्षण आणि उद्योग वाढवायला वाव मिळणार का, हे आधी विचारून घेतलं. मग कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. १९१२ मध्ये ते दिवाण झाले. त्यांच्या काळात बँक ऑफ म्हैसूर आली, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आलं.

१९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडलं. कारण होतं महाराजांशी झालेला मतभेद. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना जागा मिळाव्यात म्हणून महाराजांनी मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांचं म्हणणं होतं की निवड गुणवत्तेवरच व्हावी.

मत पटलं नाही म्हणून पद सोडलं, हा त्यांचा बाणा. पण ज्या मुलाला स्कॉलरशिप मिळाली, ज्याला पुण्याच्या वर्तुळात जागा मिळाली, त्याला त्या वर्तुळाच्या बाहेर उभ्या असलेल्यांची अडचण पूर्ण दिसली नाही, असं आज मागे बघताना वाटतं. महाराजांना ती दिसली होती. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना हे पान फाडून टाकायचं कारण नाही.

पुढची चाळीस वर्षं

यानंतर त्यांनी पूर्णवेळ सरकारी नोकरी धरली नाही. वय साठीकडे झुकलेलं आणि कामाला तोटा नव्हता. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात होता, तो सावरला. मुंबईच्या बॅक बे भरावाच्या कामात पैशांची उधळपट्टी झाल्याची ओरड झाली, तेव्हा १९२६ च्या चौकशी समितीत ते होते. १९२७ पासून १९५५ पर्यंत टाटा स्टीलच्या संचालक मंडळावर होते. ओडिशातल्या पुरांवर रिपोर्ट दिला. नव्वदी ओलांडल्यावर बिहारमध्ये मोकामाला गंगेवर पूल कुठे बांधावा, हे ठरवणाऱ्या समितीचं काम त्यांनी केलं.

आणि उतारवयात त्यांनी वर्तुळं मोठी करायला घेतली. १९४१ मध्ये उद्योजकांना एकत्र आणणारी ऑल इंडिया मॅन्युफॅक्चरर्स ऑर्गनायझेशन उभी केली. १९४६ मध्ये तिचं शिष्टमंडळ घेऊन ते अमेरिका आणि युरोपला गेले, वय पंच्याऐंशीच्या घरात. भद्रावतीच्या कामाचं थकलेलं मानधन मिळालं तेव्हा ते त्यांनी स्वतःसाठी ठेवलं नाही. त्यातून तरुणांना हाताचं कौशल्य शिकवणारी संस्था काढायला लावली. १९४३ मध्ये बंगळुरूला ती सुरू झाली आणि तिला नाव दिलं म्हैसूरच्या महाराजांचं.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये वयाच्या शंभरीला ते गेले.

मग सिडकोतल्या खोलीचं काय?

आपल्या शहरात १९६० पासून सरकारी इंजिनियरिंग कॉलेज आहे. नंतर खासगी कॉलेजं आली आणि दरवर्षी कॉम्प्युटर शिकलेली शेकडो पोरं-पोरी बाहेर पडतात. काही पुण्याची गाडी पकडतात. काही इथेच खोली घेतात आणि स्वतःचं काम सुरू करतात.

त्यांच्या हातात विश्वेश्वरय्यांपेक्षा जास्त साधनं आहेत. सिल्लोडच्या पोरीला प्रश्न विचारायला डेक्कन क्लबची मेंबरशिप लागत नाही. पण इंग्रजी लागतं, आपला प्रश्न साधा वाटेल ही भीती घालवावी लागते, आणि पेमेंट अडकलं तर कुणाशी बोलायचं हे माहीत असावं लागतं. दार रुंद झालंय, उंबरठा अजून आहे.

माझ्या मित्रांपैकी एकाचे गेल्या वर्षी एका क्लायंटने पैसे बुडवले. लेखी करार नव्हता. तेव्हापासून हे चौघं-पाचजण महिन्यातून एका रविवारी भेटतात. रेट काय लावला, कुठला क्लायंट पैसे लांबवतो, करारात काय लिहायचं, हे एकमेकांना सांगतात. चहाचे पैसे आळीपाळीने.

इंजिनियर्स डे १५ सप्टेंबरला असतो आणि दोनच दिवसांनी आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या आठवड्यात तुमच्या ओळखीचा कुणी असा एकटा काम करत असेल, तर त्याला रविवारच्या चहाला बोलवा.