नगररचनेचा पदवीहीन आचार्य

नगररचना हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, या कल्पनेला संस्थेचे रूप आले ते १९१४ साली, लंडनमध्ये नगररचनाकारांची संस्था स्थापन झाली तेव्हा. भारतात तशी संस्था १९५१ साली उभी राहिली. सभासदत्वाची पात्रता, परीक्षा, व्यावसायिक आचारसंहिता हे सारे मग ओघानेच आले. परंतु या व्यवसायाला ज्यांनी वैचारिक अधिष्ठान दिले, त्या पॅट्रिक गेडिस यांच्यापाशी परीक्षा देऊन मिळवलेली एकही पदवी नव्हती.

१८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या गेडिस यांनी लंडनला हक्सली यांच्या हाताखाली जीवशास्त्राचे अध्ययन केले. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि सूक्ष्मदर्शकावरील संशोधन थांबले. मग जीव आणि त्याची परिस्थिती यांच्या संबंधाचे सूत्र त्यांनी मानवी समाजाला लावून पाहिले. विवाहानंतर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या, मोडकळीस आलेल्या वस्तीत राहावयास गेले आणि शेजाऱ्यांच्या साहाय्याने तेथील घरे दुरुस्त करू लागले. पुढे डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांनी तीस वर्षे भूषविले. तरी शहर हीच त्यांची खरी प्रयोगशाळा राहिली.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगरविषयक प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडविले. तथापि नव्याने साहित्य जमवून १९१५ साली मद्रासला प्रदर्शन भरविण्यात आले. त्यानंतर त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. गल्लीबोळांतून पायी हिंडावे, विहिरी, झाडे, देवळे आणि तलाव यांची नोंद घ्यावी आणि मगच नकाशाला हात लावावा, ही त्यांची पद्धत. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्याचा अभियंत्यांचा उपाय त्यांना अमान्य होता. पाडलेल्या घरांतील माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या वस्तीत दाटी करतात आणि तेथील भाडी वाढतात. हा खर्च नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तो गरिबांच्या खिशातून वसूल होतो. म्हणून अगदी निरुपयोगी झालेली थोडी घरे काढून चौक मोकळे करावेत आणि उरलेली वस्ती सुधारावी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९१७ साली मुलगा फ्रान्समधील रणभूमीवर पडला आणि थोड्याच काळात पत्नीचे हिंदुस्थानात निधन झाले. या दुहेरी आघातानंतरही काम थांबले नाही. होळकरांच्या इंदुरात प्लेगचे भय असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली. ज्या रस्त्यावर अधिक घरे स्वच्छ होतील, तेथून ती जाणार होती. शहराने स्वतः झाडू हाती घेतला. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यासन सुरू झाले, त्याचे ते पहिले प्राध्यापक. गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. १९२४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. १९३२ साली फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

गेडिस यांचे लेखन दुर्बोध होते आणि त्यांच्या पुष्कळशा सूचना कागदावरच राहिल्या, हे नाकारता येणार नाही. तरीही आराखड्यापूर्वी पाहणी हे त्यांचे तत्त्व टिकून राहिले. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात जमिनीच्या विद्यमान वापराची पाहणी आणि नागरिकांच्या हरकती, या दोहोंस स्थान आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा नगरपालिकांच्या कार्यकक्षेतील विषय ठरविला. परंतु पाहणी कार्यालयात बसून उरकली आणि हरकती केवळ ऐकल्यासारख्या केल्या, तर कायद्याचा सांगाडा उरतो, प्राण राहत नाही. व्यावसायिक संस्थेने आपल्या सभासदाची पात्रता अवश्य पारखावी. मात्र ज्यांची घरे नकाशावरील एका रेघेखाली येतात, त्यांच्या दारापर्यंत तो चालत गेला होता काय, हा प्रश्न त्या परीक्षेतून वगळला जाऊ नये.