नाना शंकरशेट आणि ठाण्याची आगगाडी

माजिवड्याच्या नाक्यावर सायंकाळी उभे राहिले म्हणजे वाहनांचा अखंड ओघ दृष्टीस पडतो. एक रस्ता मुंबईहून येतो, एक घोडबंदराकडे वळतो, एक भिवंडीवरून नाशिकची वाट धरतो. आणि या सर्वांच्या वर मेट्रोचे उंच खांब उभे आहेत. असल्या देखाव्यात वाढलेल्या मुलांस यंत्राचे नवल वाटेनासे झाले, तर त्यात त्यांचा दोष नाही. मागे एकदा आम्ही वर्गात सहज विचारले की, आपल्या ठाण्यास आगगाडी कोणी आणली? इंग्रजांनी, असे उत्तर बहुतेक सर्वांनी एका सुरात दिले. हे उत्तर चूक नव्हे, परंतु अर्धे आहे. राहिलेले अर्धे उत्तर आपल्याच ठाणे जिल्ह्यात जन्मलेल्या एका थोर गृहस्थाच्या चरित्रात सापडते. त्यांचे नाव जगन्नाथ शंकरशेट. मुंबईचे लोक त्यांस प्रेमाने नाना म्हणत.

नानांचा जन्म ता. १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. घराणे दैवज्ञ ज्ञातीचे, आडनाव मुरकुटे. त्यांचे आजोबा कोकणातून मुंबईस आले, आणि वडील शंकरशेट यांनी व्यापारात विपुल संपत्ती मिळविली. नानांच्या मातोश्री त्यांच्या लहानपणीच निवर्तल्या. १८२२ साली वडिलांचेही छत्र हरपले, तेव्हा नानांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात एवढी मोठी दौलत हाती आली असता तरुण मनुष्याचे काय होते, हे पालकांस आम्ही सांगावयास नको. नानांनी घरीच शिक्षक ठेवून इंग्रजीचे उत्तम ज्ञान संपादन केले होते. पैसा कशासाठी असतो, याचाही विचार त्यांनी त्याच वयात केला असावा, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते.

त्या वेळी मुंबईच्या गव्हर्नरपदी माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे होते. एतद्देशीय मुलांसाठी शाळा काढाव्या व त्यांस लागणारी पुस्तके देशी भाषांत तयार करावी, या हेतूने १८२२ साली मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ती प्रसिद्धीस आली. तिच्या कामात नाना तरुणपणापासून होते. गणित, भूमिती, बीजगणित अशा विषयांवरील ग्रंथ मराठीत उतरविण्याचे काम कॅप्टन जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली शास्त्रीमंडळी करीत. विद्यार्थी हो, क्षणभर विचार करा: ज्या भाषेत तोपर्यंत पोथ्या, पोवाडे आणि दफ्तरे लिहिली जात, त्या भाषेत त्रिकोण आणि समीकरणे लिहावयाची होती, आणि त्यासाठी एकेक शब्द नवा घडवावा लागत होता! पुढे पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर याच मंडळींच्या आश्रयाने उदयास आले. १८२७ साली एल्फिन्स्टन साहेब मुंबई सोडून निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लक्षांहून अधिक रुपये जमविले. हा पैसा पुतळ्यात न घालता उच्च शिक्षणासाठी ठेवावा, असे ठरले. एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले ते त्यातून. या सर्व खटपटीत नाना पुढे होते.

आता आगगाडीकडे वळू. मँचेस्टर व लिव्हरपूल या शहरांच्या दरम्यान १८३० साली लोहमार्ग सुरू झाला, आणि त्याची कीर्ती मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या कानी आली. वाफेचे यंत्र मुंबईस सर्वस्वी अपरिचित होते, असे मात्र कोणी समजू नये. गोदीतील प्रसिद्ध वाडिया घराण्यातील अर्देशर कर्सेटजी यांनी स्वतःच्या हातांनी वाफेचे लहानसे यंत्र बनविले होते. १८३४ साली त्यांनी आपल्या माझगावच्या बंगल्यात वायूचे दिवे लाविले. आणि १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. बुद्धी होती आणि हातही होते. परंतु ती विद्या एका घराण्याच्या उंबरठ्याआड राहिली. शहरातील सुतार-लोहारांच्या मुलांस ती शिकवील अशी शाळा तेव्हा नव्हती.

१८४५ च्या सुमारास मुंबईत लोहमार्गासाठी जी मंडळी एकत्र आली, तींत सर जमशेटजी जिजीभाई आणि नाना हे प्रमुख होते. १८४९ साली पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी अस्तित्वात आली. हिंदी लोकांपैकी तिच्या संचालकांत हे दोघेच होते. कंपनीची पहिली कचेरी नानांच्या गिरगावातील वाड्यात होती, असे सांगतात. ता. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवनजीक कामास आरंभ झाला. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली हे होते. पुढे या कंपनीच्या मोठमोठ्या कामांचे कंत्राट घेणाऱ्यांत जमशेटजी दोराबजी हे पारशी गृहस्थही होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करितो.

ता. १६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीन वाजून गेल्यावर एकवीस तोफांच्या सलामीत बोरीबंदराहून पहिली गाडी सुटली. डबे चौदा, आमंत्रित सुमारे चारशे, आणि ओढणारी इंजिने तीन: साहिब, सिंध व सुलतान. एकवीस मैलांची वाट चालून ती ठाण्यास येऊन उभी राहिली, आणि येथे तंबू ठोकून पाहुण्यांचा सत्कार झाला. तोपर्यंत मुंबईहून ठाण्यास यावयाचे म्हणजे शीवचा बांध ओलांडून बैलगाडीने, नाही तर भरतीची वाट पाहत होडीने यावे लागे. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या १ मे रोजी, खाडीवरचा पूल ओलांडून गाडी कल्याणास पोहोचली.

येथवर सर्व आनंदाचे. परंतु चरित्र लिहिणाऱ्याने केवळ आनंदाचेच लिहू नये. ती तीनही इंजिने लँकेशायरमधील एका कारखान्यात तयार होऊन जहाजातून आली होती. रूळ आले तेही विलायतेहून. भागधारकांस शेकडा पाच व्याजाची हमी होती, आणि कंपनीचे उत्पन्न कमी पडल्यास ती भर हिंदुस्थानच्या तिजोरीतून होत असे. म्हणजे ज्या शेतकऱ्याने गाडी पाहिलीही नव्हती, त्याच्या साऱ्यातून. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली पुरा होईपर्यंत हजारो मजूर रोगराईने व अपघातांनी मरण पावले. त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. आणि या मार्गाने वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरावर येऊन जहाजात चढे, तो कापड होऊन परत येई. आगगाडी आली खरी. ती चालविण्याची, दुरुस्त करण्याची आणि घडविण्याची विद्या मात्र तिच्याबरोबर उतरली नाही.

ही विद्या लोकांपर्यंत कशी पोहोचावी, याविषयी नानांनी आगगाडीच्याही आधी एक झुंज दिली होती. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील हाच सर्वांत मोलाचा प्रसंग होय, जरी लोक त्यांस आगगाडीमुळे ओळखतात. १८४० साली सरकारने शिक्षणाचे एक मंडळ नेमले. त्यात तीन हिंदी सभासद होते, नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. पुढे मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी झाले. पेरी साहेब विद्वान होते आणि या देशाचे हितचिंतकही होते. त्यांचे म्हणणे असे की, सरकारजवळ पैसा थोडा. तेव्हा तो वरच्या वर्गातील थोड्या मुलांस उत्तम इंग्रजी शिकविण्यात खर्च करावा, म्हणजे ज्ञान त्यांच्याकडून हळूहळू खाली झिरपेल. १८४७ साली हा वाद विकोपास गेला. नाना स्वतः इंग्रजीत निष्णात, इंग्रज अधिकाऱ्यांत त्यांची ऊठबस. त्यांनी मान डोलाविली असती तर कोणी नवल केले नसते. परंतु त्यांनी लेखी विरोध नोंदविला. इंग्रजीस त्यांचा विरोध नव्हता. त्यांचा मुद्दा एवढाच होता की, सामान्य लोकांच्या मोठ्या समुदायास परभाषा शिकण्यास वेळ नाही व साधनही नाही. त्यांस शास्त्राचे ज्ञान द्यावयाचे असेल तर त्यांच्याच भाषेत द्यावे लागेल. दुसरे दोघे हिंदी सभासद आणि कर्नल झालेले जर्व्हिस साहेब नानांच्या बाजूस उभे राहिले. शेवटी सरकारने मधला मार्ग काढला: प्राथमिक शिक्षण देशी भाषेत, वरचे इंग्रजीत.

पेरी साहेबांच्या पक्षावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, इंग्रजी विद्येनेच आपणांस दादाभाई नौरोजी व डॉक्टर भाऊ दाजी दिले. आम्ही स्वतः पदार्थविज्ञान इंग्रजीतून शिकलो आणि शिकवितोही इंग्रजीतूनच. पण एकदा एका हुशार मुलास आम्ही सांगितले की, वाफेच्या दाबाची जी व्याख्या तू आता घडाघडा म्हटलीस, तीच घरी जाऊन कुकरची शिट्टी का वाजते हे सांगताना आईला समजावून दे. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला की, आईला सांगावयास शब्दच सापडले नाहीत. त्या दिवसापासून नानांचा १८४७ चा विरोध आम्हांस इतिहासातली जुनी गोष्ट वाटत नाही.

जपानचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. तेथे पहिली आगगाडी १८७२ साली धावली, म्हणजे ठाण्यानंतर एकोणीस वर्षांनी. इंजिने इंग्रजांची आणि इंजिनिअरही इंग्रजच. परंतु त्या सरकारने लागलीच यंत्रविद्येचे विद्यालय काढले. आरंभी शिकविणारे परदेशी होते आणि भाषाही इंग्रजी होती. पण तेथे तयार झालेल्या विद्यार्थ्यांनी ते शास्त्र आपल्या भाषेत नेले. जपानात घडलेले पहिले इंजिन १८९३ साली रुळावर आले. आपल्याकडे अजमेरच्या कारखान्यात पहिले इंजिन १८९५ साली बनले. अंतर दोनच वर्षांचे दिसते. परंतु आपण एकोणीस वर्षे आधी निघालो होतो. पुढेही पुष्कळशी इंजिने बाहेरूनच येत राहिली, आणि मोठ्या प्रमाणावर ती येथे घडू लागली ती १९५० साली चित्तरंजनचा कारखाना सुरू झाल्यावर.

नानांची इतर कामे इतकी आहेत की त्यांची नुसती यादीही येथे मावणार नाही. मुलींची शाळा काढण्यास लोक भीत होते, तेव्हा त्यांनी आपल्या वाड्यात तिला जागा दिली. ग्रँट मेडिकल कॉलेज, मुंबई विश्वविद्यालय, भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय व तेथील बाग या सर्वांच्या उभारणीत त्यांचा हात होता. १८५२ साली हिंदी लोकांची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे मांडण्यासाठी बॉम्बे असोसिएशन निघाली, तिचे ते आधारस्तंभ होते. आणि १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांची नेमणूक झाली.

ता. ३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलात आहे. मुंबईस सहलीस जाणाऱ्या मुलांनी तो अवश्य पाहावा. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती १८६६ पासून मोठ्या मानाची समजली जात आली. संस्कृताविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. तरी मराठीत शास्त्र उत्तम समजावून सांगणाऱ्या मुलासही त्यांच्या नावाने एखादे पारितोषिक असते, तर ते नानांस अधिक रुचले असते, असे आम्हांस राहून राहून वाटते.

गेल्या उन्हाळ्यात काही कामानिमित्त आम्ही मुरबाडास गेलो होतो. ठाण्यास गाडीत बसलो, खाडीवरील पूल मागे टाकून कल्याणास उतरलो, आणि तेथून पुढे एस. टी.च्या मोटारीत दाटीवाटीने उभे राहून प्रवास केला. कारण नानांच्या जन्मगावास आगगाडीने थेट जाण्याची सोय नाही. शेजारी उभा असलेला एक शाळकरी मुलगा मराठी विज्ञानाचे पुस्तक उघडून वाचीत होता. मोटार खड्ड्यातून उसळली म्हणजे त्याची ओळ चुके, आणि तो बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचावयास लागे.