पोरांच्या ‘तसल्या’ शंकांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्वेंना कोर्टात उभं केलं होतं

वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याच्या एखाद्या अठरा वर्षांच्या पोराला एचआयव्हीबद्दल शंका आली, तर तो विचारणार कोणाला? घरी सोय नाही, मास्तरांपुढे तोंड उघडत नाही, दवाखान्यात गावातलं कुणीतरी बसलेलंच असतं. मग उरतात मित्र आणि मोबाईल.

ही अडचण शंभर वर्षांपूर्वी गणिताच्या एका प्राध्यापकाने ओळखली होती. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्वेंचे थोरले चिरंजीव.

जन्म १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे गणित शिकायला ते पॅरिसला गेले आणि परतल्यावर १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं. लंडनमधलं असं पहिलं केंद्रही त्याच वर्षीचं! विल्सन कॉलेजला मात्र प्राध्यापकाचे हे उद्योग पटले नाहीत. नोकरी सोडावी लागली आणि घर पत्नी मालतीबाईंच्या पगारावर चाललं.

तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. गरमी, परमा झाला की माणूस तोंड लपवायचा आणि आजार घरात बायकोपर्यंत पोहोचायचा. कर्वेंनी यावर पुस्तक लिहिलं, ‘गुप्तरोगांपासून बचाव’. नाव बघा, त्यात पाप नाही, बचाव आहे.

जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झालं. वाचक लैंगिक शंका लिहून पाठवायचे, कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायचे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्याचं कारण तर ही उत्तरंच होती. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही खटला हरले, २०० रुपये दंड झाला. मासिक थांबलं नाही, १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चाललं.

याच काळात वर्ध्यातही हा वाद पोहोचला. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या. गांधीजी संयमावर ठाम राहिले, साधनं त्यांना मान्य नव्हती. कर्वेंना नुसत्या संयमाचा उपदेश अव्यवहार्य वाटायचा. आजही एड्सवरचं व्याख्यान बऱ्याचदा संयमापाशीच संपतं, निरोधचं नाव घेताना वक्ता अडखळतो.

१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. आणि २००७ मध्ये, कर्वेंच्याच महाराष्ट्रात, शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम सरकारने बंद केला. एड्सपासून पोरांना वाचवणं हाही त्याचा एक हेतू होता.

आता किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, औषधंही फुकट मिळतात आणि ती वेळेवर सुरू केली तर माणूस वर्षानुवर्षं धडधाकट राहतो. ज्याला दवाखान्याची पायरी चढायचीच लाज वाटते, त्याच्यासाठी १०९७ हा मोफत नंबर आहे. रोहण्यातूनही लागतो.