हाइनरिख गाइसलर

योहान हाइनरिख विल्हेल्म गाइसलर (२६ मे, १८१४ – २४ जानेवारी, १८७९) हे जर्मन काचकारागीर व वैज्ञानिक उपकरणांचे निर्माते होते. विरळ वायूतून वीज वाहताना प्रकाशणारी ‘गाइसलर नळी’ आणि पाऱ्यावर चालणारा निर्वात पंप यांसाठी ते ओळखले जातात.

पूर्वजीवन

गाइसलर यांचा जन्म थुरिंजिया प्रदेशातील इगेल्सहीब या डोंगराळ गावी काचकाम करणाऱ्या कुटुंबात झाला. जवळच्या लाउशा येथे १५९७ मध्ये काचेची भट्टी सुरू झाली होती व हा परिसर या व्यवसायासाठी प्रसिद्ध होता. तेथील कारागीर काचनळी दिव्याच्या ज्योतीत मऊ करीत आणि ती सतत फिरवत तोंडाने हवा फुंकून तिला आकार देत. फिरवणे थांबल्यास मऊ काच स्वतःच्या वजनाने एका बाजूस लोंबते, तर घाईने थंड केल्यास ती तडकते. हे कसब गाइसलर यांनी आत्मसात केले. जर्मनी व नेदरलँड्स येथे काम केल्यानंतर १८५२ च्या सुमारास त्यांनी बॉन शहरात स्वतःची कार्यशाळा काढली.

कार्य

बॉन विद्यापीठातील प्राध्यापक युलियस प्ल्युकर यांना प्रयोगांसाठी गाइसलर उपकरणे बनवून देत. त्या काळच्या निर्वात पंपांत दट्ट्याच्या कडेने हवा परत आत शिरत असे. गाइसलर यांनी दट्ट्याच वगळला. त्यांच्या पंपात पाऱ्याचे भांडे वर-खाली करून नळीतील हवा टप्प्याटप्प्याने बाहेर काढली जाई. त्यामुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली निर्वात अवस्था मिळू लागली.

१८५७ च्या सुमारास त्यांनी अशा विरळ वायूच्या बंद नळ्या तयार केल्या. नळीच्या दोन्ही टोकांना प्लॅटिनमच्या तारा वितळलेल्या काचेत बसवलेल्या असत. तापल्यावर प्लॅटिनम व काच जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. म्हणून थंड होताना सांधा तडकत नाही व बाहेरची हवा आत येत नाही. तारांना उच्च दाबाची वीज जोडली की नळी उजळते आणि आतील वायूनुसार प्रकाशाचा रंग बदलतो. या नळ्यांना गाइसलर यांचे नाव प्ल्युकर यांनी दिले.

प्रभाव

चुंबक जवळ आणल्यास नळीतील प्रकाश सरकतो, असे प्ल्युकर यांना १८५८ मध्ये आढळले. अधिकाधिक निर्वात नळ्या वापरून योहान हिटॉर्फ व विल्यम क्रुक्स यांनी ऋण किरणांचा अभ्यास पुढे नेला. अशाच नळ्यांवरील प्रयोगांतून १८९५ मध्ये क्ष-किरणांचा आणि १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला. निऑन दिवेही याच तत्त्वावर चालतात. सिद्धान्त मांडणारे शास्त्रज्ञ वेगळे असले, तरी हवा न शिरणारा काचेचा सांधा जमल्याशिवाय यांपैकी कोणताही प्रयोग शक्य नव्हता.

कारागीर म्हणून घडलेल्या गाइसलर यांना बॉन विद्यापीठाने १८६८ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. बॉन येथेच त्यांचे निधन झाले.