हाल्डेन यांचे वांझ नरांचे कोडे

जे. बी. एस. हाल्डेन यांचा जन्म १८९२ साली ऑक्सफर्डला झाला. वडील नावाजलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ, त्यामुळे प्रयोगांचे बाळकडू घरातच मिळाले. पुढे ते गणित आणि ग्रीक-लॅटिन शिकले. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे नव्हतीच. पहिल्या महायुद्धात लढून परतल्यावर ते आनुवंशशास्त्रात रमले.

१९२२ मध्ये त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या संकराच्या नोंदी पडताळून एक नियम मांडला. संकरित पिलांत एकच लिंग दुर्मीळ, नाहीसे किंवा वांझ असेल, तर ते बहुधा दोन वेगळी लिंग-गुणसूत्रे असलेले असते. सस्तन प्राण्यांत आणि फळमाशीत तो नर (एक्स आणि वाय). पक्षी आणि फुलपाखरांत मादी. नियम टिकला, पण त्याच्या कारणांचा वाद अनेक दशके चालला.

हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, पुढे भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

त्यांच्या कोड्याचे एक उत्तर १९९१ मध्ये पुढे आले. नराच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय असते. एक्सवरील एखादे ‘स्वार्थी’ जनुक वाय असलेले शुक्राणू निकामी करते; मग माद्याच जास्त जन्मतात आणि त्या जनुकाचा प्रसार वाढतो. नर कमी पडू लागले की त्याला आवर घालणारी जनुके निवडली जातात आणि समतोल परततो. संकरात मात्र जनुकांची ही जोडी फुटते. आवर सुटलेले जनुक शुक्राणूंचा नाश करते आणि नर वांझ होतो.

२००९ मध्ये नितीन फडणीस आणि ॲलन ऑर यांनी याचा भक्कम पुरावा दिला. अमेरिकेतील आणि कोलंबियातील बोगोटाच्या फळमाश्यांच्या संकरातील नर जवळजवळ वांझ असतात. वय वाढल्यावर थोडी प्रजा झालीच, तर जवळपास सगळ्या माद्या! दोन्हींमागे एक्सवरील एकच जनुक निघाले.

हाल्डेन यांच्या नियमाला इतरही कारणे आहेत. पण जनुकांच्या या आपसातल्या भांडणातून एका प्रजातीच्या दोन होऊ शकतात, हे त्या वांझ नरांमुळेच उमगले.