मेंदूच्या दारावरचा पहारा

जर्मनीचा पॉल एर्लिख (१८५४-१९१५) म्हणजे बोटं कायम रंगांनी माखलेला शास्त्रज्ञ. १८८५ साली त्याने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. जवळजवळ सारं अंग रंगलं, मेंदू तेवढा कोरा! मेंदूला रंगाची ओढच नाही, असं त्याने ठरवलं. आमच्यासारख्या बँकवाल्याने आधी दारावरचा पहारेकरी पाहिला असता. १९१३ साली त्याचाच शिष्य गोल्डमन याने रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला आणि मेंदू निळा झाला. म्हणजे अडवणूक वाटेत होती. ती रक्तवाहिन्यांच्या अस्तरात असते, हे पुढे कळलं.

एर्लिखला १९०८ साली नोबेल मिळालं. मग सिफिलिसवरच्या त्याच्या औषधावरून बदनामी, कोर्टकचेरी. असा छळ त्या पहाऱ्याचं काय करतो, हे कळायला शतक लागलं. २०१७ साली, रोज दांडग्या उंदराचा मार खाऊन खचलेल्या उंदरांच्या मेंदूत तो सैल पडलेला दिसला.