विश्लेषण : डॉक्टरांनी ऐकूनच घेतलं नाही, तेव्हा शार्लट गिलमन यांनी काय केलं?

बिडकीनहून छत्रपती संभाजीनगरला मानसोपचाराच्या ओपीडीत जायचं, तर अख्खा दिवस मोडतो. केसपेपर काढा, नंबर लावा आणि आत गेल्यावर मोजक्या मिनिटांत सगळं सांगा. सांगायचं होतं ते राहूनच गेलं, ही रुखरुख घेऊन अनेक रुग्ण परततात. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी हेच १८८७ मध्ये अनुभवलं होतं.

आजार कसा सुरू झाला?

शार्लट यांचा जन्म ३ जुलै १८६० रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डचा. वडिलांनी घर सोडल्याने बालपण ओढाताणीत गेलं. १८८४ मध्ये चित्रकार वॉल्टर स्टेट्सन यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगी झाली. त्यानंतर त्यांना नैराश्याने घेरलं. थकवा, रडू आणि बाळाला जवळ घेतानाही होणारा त्रास. मात्र कॅलिफोर्नियाच्या प्रवासात बरं वाटलं आणि घरी परतताच आजार उलटला, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

डॉक्टरांनी काय केलं?

फिलाडेल्फियातील डॉ. सायलस वीअर मिचेल हे नसांच्या आजारांचे नामांकित तज्ज्ञ. शार्लट यांनी आपल्या आजाराचा सविस्तर इतिहास त्यांना आधीच लिहून पाठवला. डॉक्टरांनी तो स्वतःला फार महत्त्व देण्याचा प्रकार ठरवला आणि बाजूला ठेवला. मग 'विश्रांती उपचार' सुरू झाले : सतत अंथरुणात पडून राहणं, भरपूर खाणं, मालिश. महिनाभराने घरी पाठवताना सल्ला मिळाला, की घरसंसारात राहा, मुलीला सतत जवळ ठेवा, वाचन-चिंतन दिवसाला दोन तासच करा आणि लेखणी वा कुंचला आयुष्यात हाती धरू नका.

सुमारे तीन महिने त्यांनी हे पाळलं. प्रकृती इतकी ढासळली, की त्या कपाटात किंवा पलंगाखाली जाऊन लपत.

मग त्या सावरल्या कशा?

त्यांनी पुन्हा लिहायला सुरुवात केली. १८८८ मध्ये पतीपासून वेगळं होऊन त्या कॅलिफोर्नियात गेल्या. तिथे लिहिलेली 'द यलो वॉलपेपर' ही कथा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर पतीने खोलीत विश्रांतीला ठेवलेल्या स्त्रीचं मन कसं ढळतं, हे त्यात आहे. कथेची प्रत त्यांनी मिचेल यांनाही पाठवली, उत्तर आलं नाही. १८९८ मध्ये त्यांचा स्त्रियांच्या आर्थिक स्वावलंबनावरील ग्रंथ आला आणि त्यांचं नाव झालं. नैराश्य मात्र पूर्ण गेलं नाही, ते अधूनमधून परत येत राहिलं. त्याला सांभाळत त्या काम करत राहिल्या. १९३५ मध्ये त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्राशी काय धागा?

याच फिलाडेल्फियात, वर्षभर आधी, मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी एमडी झाल्या. अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूरच्या भाषणात त्यांनी स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली होती. पुरुष डॉक्टरांपुढे बायका दुखणं मोकळेपणाने सांगू शकत नाहीत, हा त्यामागचा मुद्दा होता.

आज काय करता येईल?

शार्लट यांना तो सल्ला मोडावा लागला, पण म्हणून आज डॉक्टरांना न विचारता गोळ्या अचानक बंद करणं धोक्याचं आहे. त्याऐवजी झोप, भूक, मनःस्थिती आणि गोळ्यांचा परिणाम रोज दोन ओळींत लिहून ठेवा. तपासणीला गेल्यावर सर्वांत मोठा त्रास आधी सांगा. सोबत घरातलं माणूस न्या. तरीही ऐकलं गेलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळवण्याचा आणि सेवेतील त्रुटींची तक्रार करण्याचा हक्क रुग्णाला आहे.

जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो.